पाण्याचा दिवस

१४ जानेवारी १९९७

ही वही कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात निळा थेंब आणि थेंबाखाली 'निर्झर : शंका नको, शुद्ध प्या'. म्हणजे वर्षभर मी जे काही लिहीन त्याच्या तळाशी 'शंका नको' ही सूचना आधीच छापलेली आहे.

वही घरात उघडी ठेवायला हरकत नाही. लेकीला, केतकीला, मराठी वाचता येतं, पण जोडाक्षर आलं की ती बंद फाटकापुढे रिक्षा थांबावी तशी थांबते. ह्यांचं शिक्षण उर्दूतून. मराठी वाचतात ते लग्नपत्रिकेपुरतं. जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईचं मराठी तिच्या स्वतःच्या घरात इतकं सुरक्षित आहे.

ऑगस्टपासून आमच्याकडे एक निवृत्त मनुष्य राहत होता. सरकारी कारखान्याने 'स्वेच्छा' नावाची योजना काढली आणि ज्यांची इच्छा नव्हती त्यांना बोलावून समजावलं. दिवाळी ह्यांनी खिडकीत बसून काढली. आता त्याच खिडकीत प्रोप्रायटर बसतात. कार्डावर तसंच छापलंय : शिवराज, प्रोप्रायटर, निर्झर जलशुद्धी यंत्रे, काचीगुडा. कंपनीने हॉटेलात ठेवून शिकवलं. जाताना गप्प गेलेला माणूस येताना टाय लावून आणि भाषण पाठ करून आला. मला बरं वाटलं असावं. हल्ली वाटलं की नाही ते जरा उशिरा कळतं.

तिळगूळ झाला. सकाळी लघवी लालसर होती. काल अक्कांकडे बिटाची कोशिंबीर खाल्ली होती.

१७ जानेवारी

आमच्याकडचं हळदीकुंकू. या दिवशी घरातला पुरुष चपला घालून बाहेर पडतो, अशी आपली पद्धत. यंदा पुरुष खोलीच्या मध्यभागी उभा आणि बायका भिंतीला टेकून. सुलतान बाजारातून मी वाणासाठी कुंकवाच्या डब्या आणल्या होत्या, त्या पिशवीतच राहिल्या. वाण म्हणून निर्झरचा प्लास्टिकचा पेला लुटला.

ह्यांनी आमच्याच नळाचं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं, खिशातून छोटी बाटली काढली आणि थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. चांगलं हळदीसारखं.

"अगंबाई! हे आपण पितो?"

"रोज," हे म्हणाले. "वहिनी, हा क्लोरीन. तो जंतू मारतो, त्याला आपला सलाम. पण तलावात पाला कुजतो, क्लोरीन त्याला जाऊन भेटतो आणि दोघांच्या संगतीतून जे निपजतं ते क्लोरोफॉर्मच्या खानदानातलं. दिसत नाही. आज काही होणार नाही, उद्याही नाही. वीस वर्षं, तीस वर्षं पीत राहा. मग..."

इथे आवाज खाली. बायकांमध्ये तो शब्द कसा उच्चारायचा, हा ह्यांचा खरा संकोच. पण विक्री त्या संकोचावरच होते.

"...मूत्राशयाचा कॅन्सर."

पिवळ्या ग्लासाकडे बघत बायकांनी तोंडावर पदर धरले. मग एकजण म्हणाली, "आमच्या सासूबाई चाळीस वर्षं पितायत, काही होईना," आणि सगळ्या हसल्या, आणि दोघींनी तिथल्या तिथे मागणी नोंदवली.

पाहुण्या गेल्यावर मी कंपनीचं पत्रक वाचलं. त्यात म्हटलंय की 'काही अभ्यासांत धोका किंचित वाढलेला आढळला.' किंचित हा शब्द भाषणात नाही. आणि पाणी पिवळं होणं म्हणजे क्लोरीन नळापर्यंत जिवंत पोचला, पटकी आणि टायफॉईड दाराबाहेर राहिले. वास्तविक टाळ्या वाजवायची वेळ. ह्यांना तसं म्हटलं.

"टाळ्यांनी यंत्र खपत नाही," प्रोप्रायटर म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी उलट उत्तर मिळालं. चांगलं लक्षण.

२१ जानेवारी

अक्कांकडे, जामबागेत. भामाअक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. ह्यांनी ग्लास भरला, बाटली काढली. अक्कांनी थेंब पडायच्या आत ग्लासावर तळहात ठेवला.

"गंडीपेट तलावाचं पाणी पिऊन एवढा झालास, शिवराज, आणि त्यालाच बदनाम करतोस?"

"अक्का, आता पाणी चार ठिकाणचं येतं."

"येऊ दे. मी लहान असताना पटकी आली होती. एका आठवड्यात आमच्या आळीतली दारं लागली. पुढे नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायला लागला, तेव्हा आईने नळाला हळदकुंकू वाहिलं. तू कंबरेएवढा होतास, तुला काय आठवणार!"

"अक्का, हा रोग हळू येतो. तीस वर्षांनी."

"मग मला चालेल की. मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला नव्वदीपर्यंतची खात्री दे, पुढचं माझं मी बघते."

गिऱ्हाईक हातचं गेलं. येताना त्यांनी आम्हाला जेवायला घातलं.

२९ जानेवारी

आज पाण्याचा दिवस नव्हता. आमच्या भागात एक दिवसाआड येतं.

पुन्हा लाल. बीट नव्हतं. गाजराचा हलवा झाला होता, पण गाजराला एवढं जमत नाही.

पाण्याचा दिवस नसला की संडासात अर्धीच बादली ओतायची, उरलेली पुढच्याने, हा घरात नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. मी अर्धी ओतली. शाळेला उशीर होत होता. माझ्यामागून हे गेले. मी चपला शोधत होते तेव्हा बाहेर आले आणि बराच वेळ टॉवेलला हात पुसत उभे राहिले.

"जयवंता, तब्येत ठीक आहे ना?"

"का? तिचंही कार्ड छापायचंय?"

हसले नाहीत. हल्ली माझे विनोद ह्यांना कळेनासे झालेत. दिवसभर टाय लावल्याने रक्त डोक्यापर्यंत पोचत नसेल.

पाचवीच्या वर्गात आता मुलांपेक्षा बाकं जास्त आहेत. त्यांना 'पाणी' या विषयावर निबंध दिला. एकाने पहिलंच वाक्य लिहिलं : पाणी टँकरमध्ये असते.

२ फेब्रुवारी

निशिगंधाकडे हिमायतनगरला. पुण्याहून नुकतीच आलेली मुलगी, नवरा कॉम्प्युटर कंपनीत, हॉलमध्ये अजून खोक्यांवर बसायचं. यंत्र घ्यायला ती आमच्या येण्याआधीच तयार होती. पाणी पिवळं झालं, ती घाबरली, सगळं शिकवल्यासारखं.

"पण काका, एक्झॅक्टली होतं काय?"

"तब्येतीला..." हे म्हणाले, "तब्येतीला बरं नसतं."

"म्हणजे पोट बिघडतं?"

"हौ, तसंच काहीतरी."

"मग आम्ही उकळून पितोच की, काका."

संपलं. तिने चहा दिला, वाण म्हणून मी तिला पेला दिला. रिक्षात मी म्हटलं, "अहो, तुमचा मूत्राशय कुठे गेला? सगळ्यात खपणारा अवयव, तोच विसरलात?"

ह्यांनी माझ्याकडे न बघता पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगितलं, "आहिस्ता चलाओ मियाँ, गड्ढे हैं."

रस्त्यावर खड्डे होतेच, पण ते मी इथे आले तेव्हापासून आहेत.

६ फेब्रुवारी

प्रोप्रायटरांनी दाखवायचं यंत्र आमच्याच स्वयंपाकघरात ठोकलं. ते चकचकीत ठेवायचं असतं, घरी वापरायचं नसतं, असं कंपनीचं म्हणणं. आता पहिला ग्लास मला मिळतो. मी पूर्ण पिईपर्यंत ग्लासाकडे बघत उभे राहतात.

सिगारेट सोडली. का, तर टायला वास येतो.

आज विचारत होते, "आपण या घरात कधी आलो गं?"

"लग्नानंतर लगेच. तुम्हीही होतात."

"आणि त्याआधी तुमच्या गावी विहीर होती ना?"

"होती. दोन वेळा मी तिच्यात पडता पडता वाचले. का?"

"नाही, विहिरीत क्लोरीन नसतो." आणि चेहऱ्यावर थोडी सुटका. गिऱ्हाइकांना सांगायला घरचा किस्सा हवा असेल. सांगा म्हणावं, तुमची बायको अर्धीच नळाच्या पाण्याची आहे.

मग म्हणाले, "डॉक्टरांकडे वेळ घेतलीय, माझं बीपी दाखवायला. तू पण चल."

"तुमचं बीपी मोजायला मी कशाला? माझ्या शाळेत चाचणी आहे."

"पुढे ढकलतो."

केतकी म्हणाली, "ममी, डॅडी इतके सॉफ्ट का झालेत? टेन्शन आहे का?" मी म्हटलं, विक्री होत नाही म्हणून.

आज पुन्हा झालं. आता कारण शोधत नाही. दुखत नाही, त्यामुळे लिहिण्यासारखंही काही नाही.

९ फेब्रुवारी

नामपल्लीला नुमाइशमध्ये, दरवर्षीच्या प्रदर्शनात, कंपनीचा स्टॉल आहे आणि आठवडाभर ह्यांची पाळी. डबा द्यायला गेले. बाजूला काश्मिरी शाली, पलीकडे हलीम, मध्ये निर्झर. तेजस नावाचा एरिया मॅनेजर पुण्याहून आलाय. वय केतकीएवढं, बूट तिच्या पगाराएवढे. माइक त्याच्या हातात.

"आइये भाईजान, आइये अम्मा! आपके नल में क्या है, आपकू मालूम? कॅन्सर है! किधर का कॅन्सर? ब्लॅडर का..."

भोंगा बंद पडला. बघते तर हे वायर हातात धरून उभे. भिंतीतून उपटून काढलेली. आजूबाजूच्या लोकांना वाटलं हाही प्रयोगाचाच भाग, ते थांबून बघायला लागले.

"अंकल, काय झालं?"

"ते नाव घ्यायचं नाही."

"कुठलं नाव?"

"माझ्यासमोर ते नाव घ्यायचं नाही. नक्को म्हटलं ना, नक्को!"

"अंकल, आपली मेन लाईनच ती आहे. तुम्हीच ट्रेनिंगला सगळ्यात भारी म्हणायचात. बाकीचे तुमची कॉपी करतात."

"असेल. तुला आई आहे का?"

"म्हणजे? आहे ना. पुण्याला."

"मग घे माइक आणि तिचं नाव घालून बोल."

तेजसने माइक टेबलावर ठेवला. ज्या कारखान्यात इतकी वर्षं काढली तो सोडताना ह्यांनी कुणाला एक शब्द सुनावला नाही. तेव्हाचं साचलेलं आज त्या पोरावर निघालं, असं मला वाटतं. मी डबा पुढे केला. माझ्याकडे बघितलं, टाय सैल केला, आणि डबा न उघडता म्हणाले, "तू एवढ्या गर्दीत कशाला आलीस? दमली असशील."

१४ फेब्रुवारी

रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, अक्कांकडे बायका जमायच्या होत्या. यंत्र नको म्हणणाऱ्या अक्कांनी भावाची विक्री पडली म्हणून स्वतःहून जागा दिली. ऐन वेळी हे म्हणाले, सर्दी झालीय. सर्दी नव्हती. मी बाटली पर्समध्ये टाकली आणि एकटी गेले. भाषण मला पाठ होतंच. त्याच्यापेक्षा वाईट भाषणं मी शाळेत पाठ करून घेते.

छान जमलं. पाला, क्लोरीन, क्लोरोफॉर्मचं खानदान. मी 'किंचित'सुद्धा घातलं, शिक्षिकेच्या इमानाने. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे होतं काय नेमकं?"

मी आवाज खाली आणला नाही. म्हटलं, "मूत्राशयाचा कॅन्सर. सुरुवातीला लघवीतून रक्त जातं. रोज नाही. मधेच चार दिवस काही नसतं, वाटतं संपलं. आणि दुखत अजिबात नाही, म्हणून माणूस बीट खाल्लं होतं का ते आठवत बसतो."

तिघींनी नावं दिली. ह्यांनाही कधी एका दिवसात तीन जमली नव्हती.

बायका गेल्यावर अक्का वाणाचे पेले एकात एक घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दुखत नाही हे तुला कुणी सांगितलं गं?"

"पत्रकात आहे."

घरी येऊन पत्रक बघितलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. पत्रकात नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी पत्रक ह्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "ह्यात दुखत नाही असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं." पत्रक उचललं नाही. "तुला दुखत नाही का?"

नळ चालू होता. आज पाण्याचा दिवस. पिंप भरून वाहायला लागलं आणि आम्ही दोघं बसून होतो. या घरात असं पहिल्यांदा झालं.

"नाही," मी म्हटलं.

"मंगळवारची वेळ आहे. दोनदा पुढे ढकलली."

"तुमच्या बीपीची?"

"माझं बीपी चांगलं आहे."

तेव्हा मला ती अर्धी बादली आठवली. टॉवेलला हात पुसत उभा राहिलेला माणूस. मी इतके दिवस त्याच्या विक्रीवर टोमणे लिहीत होते.

"बोलला का नाहीत?"

"परक्या बायकांना घरोघरी जाऊन सांगत होतो," म्हणाले. "तुझ्यापुढे तोंडच उघडेना."

मी उठून नळ बंद केला. रडू आलं नाही. ह्यांनाही नाही. फरशी पुसायची होती, ती पुसली.

१८ फेब्रुवारी

डॉक्टर तेलुगू, वयस्क, घाई नसलेले. तपासण्या लिहून दिल्या; आतून दुर्बीण घालून बघावं लागेल. ह्यांनी खिशातून पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. मला हसू आलं. माणूस यंत्र इथेही विकणार की काय.

"हे पाण्यामुळे झालं का, साहेब?"

डॉक्टरांनी वाचलं. "हे तुम्ही विकता?"

"विकत होतो."

"पाण्यामुळे असू शकतं, नसूही शकतं. एका माणसाकडे बघून हे कुणी सांगू शकत नाही. घरात कुणी सिगारेट ओढतं?"

ह्यांनी वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलासारखं एक बोट वर केलं. "सोडली. दहा-बारा दिवस झाले."

"तेही असू शकतं, नसूही शकतं."

"मग पाणी कुठलं द्यायचं हिला?"

"नळाचं. क्लोरीन बंद झाला तर माझ्याकडे नाही, शेजारच्या वॉर्डात रांग लागेल, आणि त्यात लहान मुलं असतील. यंत्र आहे तर राहू द्या, वेळच्या वेळी साफ करा."

'किंचित' हा शब्द डॉक्टरांनी पुन्हा त्याच्या जागी नेऊन ठेवला. ह्यांना मात्र दोषी हवा होता. तलाव, कारखाना, कंपनी, सिगारेट, कुणीही चालला असता. रिकाम्या हाताने घरी आले.

५ मार्च

झालं. लघवीच्या वाटेनेच आत जाऊन काढलं, बाहेरून टाका नाही. गाठ लहान होती, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, असं डॉक्टर म्हणाले. घरात यापुढे फ्लॉवर आणायचा का, हा एक प्रश्नच आहे. वरच्या थरातच होती. पण ही परत येते, तिचा स्वभाव तसा आहे. दर तीन महिन्यांनी दुर्बीण, आणि रोज रंगावर लक्ष ठेवायचं.

अक्का जामबागेहून तांब्यात पाणी घेऊन आल्या, वर वाटी झाकून. "घरच्या नळाचं आहे. पी." मी प्यायले. केतकीने डोळे पुसत विचारलं, "आत्या, फिल्टर्ड आहे का?" अक्का म्हणाल्या, "हौ, ओढणीने गाळलंय." केतकी आधी रडली आणि मग हसली. मला त्यातलं काहीच करावं लागलं नाही.

१९ मार्च

तेजस येऊन यंत्र काढून घेऊन गेला. तीन मागण्यांचं काय, असं त्याने विचारलं. हे म्हणाले, त्या आमच्या बाईंनी मिळवल्यात, त्यांना विचार. तेजस माझ्याकडे वळला. "आन्टी, टेक केअर," म्हणाला. जाताना वाकून नमस्कार केला, पुण्याचाच असला तरी.

भिंतीत चार भोकं राहिली आहेत. थेंबांची बाटली मात्र त्याने नेली नाही. पाणी आलं की हे ग्लासभर धरतात, दोन थेंब टाकतात, पिवळं झालं की "पोचला," असं म्हणतात आणि मग पिंप भरतात. आता ना टाय, ना प्रोप्रायटर. कोठीजवळच्या एका दुकानात हिशेबाला जाणार म्हणतात.

८ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली, अक्कांनी उगादीची पच्चडी पाठवली, कडू, आंबट, गोड सगळं एकाच वाटीत. शाळेला सुट्टी. आज पाण्याचा दिवस नाही.

सकाळी संडासात गेले. अर्ध्या बादलीला हात घातला तेवढ्यात दारावर टकटक.

"ओतू नको गं. आधी मला बघू दे."

"अहो, सण आहे आज!"

"असू दे. उघड."

कडी काढली. हे चष्मा लावून आत आले, वाकले, आणि हळदीकुंकवाला ग्लास उजेडात धरायचे तसं दिवा लावून बघितलं. तेव्हा बायका हा रंग बघून तोंडावर पदर धरायच्या.

"पिवळं!" केवढ्याने ओरडले. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. "जयवंता, पिवळं आहे!"

मग बादली उचलली आणि, माझाच नियम मोडून, सगळी ओतली.